जनवाशातले काका

उज्जैनच्या मराठी घरांत मुलीचं लग्न ठरलं की तीन गोष्टी लगोलग पक्क्या करायच्या असत: हॉल, आचारी आणि काका. हॉल वैशाखात एखाद्याला मिळायचा नाही, आचारी ऐनवेळी इंदूरला पळायचा, पण काका मिळाले नाहीत असं मी कधी ऐकलं नाही. नात्यानं ते कुणाचेच काका नव्हते. रेल्वे स्टेशनात चौकशीच्या खिडकीवर नोकरी, फ्रीगंजमध्ये एक खोली, लग्न केलेलं नाही. मुलाकडचं वऱ्हाड जिथे उतरतं तो जनवासा सांभाळायचं काम त्यांच्याकडे असे. ते त्यांच्याकडे कुणी आणि कधी सोपवलं हे कुणालाच आठवत नव्हतं.

जनवासा सांभाळणं म्हणजे चहापाणी बघणं नव्हे. चहापाणी कुणीही बघतं. जनवाशातली खरी जोखीम रुसव्यांची. एरवी आपल्या गावी नळ गेला तर मुकाट्यानं बादल्या वाहणारी माणसं, पण एकदा वऱ्हाडी म्हणून गाडीतून उतरली की त्यांना उशी टोचते, चहा गार लागतो, साबणाचा वास सहन होत नाही. आमच्याकडे तेव्हा नव्यानंच केबल आली होती, बाटलीतलं विकतचं पाणी आलं होतं. त्यामुळे तक्रारींतही नवा माल आला होता. जनवाशात टीव्ही आहे पण केबल नाही, पाणी माठातलं आहे, व्हिडिओवाल्यानं आमच्या आत्याबाईंना घेतलंच नाही. आणि मुलीचा बाप बिचारा हात जोडून सगळ्यांपुढे 'चुकलं, चुकलं' करत फिरायचा.

काका कधी 'चुकलं' म्हणत नसत. त्यांची पद्धत एकच होती. कुणी तक्रार केली की ते ती आधी स्वतः घेऊन बघत. त्यांचे शब्दही ठरलेले, "दिक्कत आहे का? द्या, मी घेऊन बघतो." चहा गार आहे म्हटलं की तो कप उचलून, पिशवीतून आपला स्टीलचा पेला काढून त्यात ओतायचे आणि शांतपणे सगळा प्यायचे. मग निकाल द्यायचे. गार असेल तर "बरोबर आहे, गार आहे," आणि लगेच दुसरा मागवायचे. गार नसेल तर "गरम आहे साहेब," म्हणून पेला धुवायला जायचे. समोरचा व्याही कितीही मोठा असो, निकालात फरक पडत नसे.

एकदा एका व्याह्यांनी भर दुपारी गादीत गाठी आहेत म्हणून ओरडा केला. काकांनी चपला काढल्या, गादीवर आडवे झाले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळले. पहाटेपासून पायपीट झालेली होती, लगेच घोरायला लागले. व्याही खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं काका उठले आणि म्हणाले, "गाठी आहेत साहेब. डाव्या अंगाला. उजवीकडे झोपा." त्या लग्नात गादीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आपल्या लोकांत वरातीला घोडी नव्हती, पण माळव्यात राहून आपणही घोडी चढायला शिकलो. एका नवरदेवाच्या मेव्हण्यानं घोडी मरतुकडी आहे म्हणून वरात अडवून धरली. काका "घेऊन बघतो" म्हणाले आणि पँट गुडघ्यापर्यंत वर ओढून खरंच चढले. घोडी जी निघाली ती गोपाळ मंदिराकडे. घोडीवाला मागून ओरडत होता, "बाबूजी, लगाम खींचो, ये तो इसका रोज का रस्ता है." काका परत आले ते पायी, लगाम हातात धरून. म्हणाले, "तगडी आहे. थांबत नाही, तेवढीच दिक्कत."

लोक हसायचे, पण काका हे विनोद म्हणून करत नसत. त्यांचा त्यावर विश्वास होता. मी एकदा त्यांना विचारलं की अशा लोकांचा राग येत नाही का. ते म्हणाले, "येतो ना. पण बेटा, खिडकीवर इतकी वर्षं बसून एक कळलं. ज्याला खरा त्रास असतो तो एकदाच सांगतो, ते पण हळू आवाजात. बाकीच्यांना गाडी लेट असल्याचं दुःख नसतं. आपण कोण आहोत आणि आपल्याला थांबवलं, याचं असतं." आणि खोटी माफी? "खोटी माफी मागितली की समोरच्याला चटक लागते. मग तो घरी जाऊन बायकोकडून मागतो."

मी आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. आमच्या मुलाला पंख्याखालचंच बाक द्या, आमच्या मुलीला दुसरीच बाई द्या, असं सांगायला रोज कुणी ना कुणी येतं. बहुतेकांना मी जाऊन त्या बाकावर बसून दाखवते. उपयोग होतो. पण मी काकांइतकी सरळ नाही, मनातून मला त्या लोकांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तर अशा माणसानं, ज्यानं गावातली सगळी लग्नं तडीला नेली, एक लग्न मोडलं. ते माझ्या ताईचं.

स्थळ मामानं आणलं होतं. मामा रतलामला असे. मुलगा नाशिककडचा, खाजगी कंपनीत कॉम्प्युटरवर, वडील लहानपणीच गेलेले, थोरल्या चुलत्यांनी वाढवलेला. हे चुलते मोठे इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते आणि घरचे-दारचे सगळे त्यांना 'साहेब'च म्हणत. मुलगी बघायला आले तेव्हाच ताईचा जाड भिंगांचा चष्मा त्यांनी बघितला होता. तेव्हा कुणी काही बोललं नाही. बाबांनी ते चांगलं लक्षण धरलं. बाबा शाळामास्तर, त्यांना न विचारलेला प्रश्न म्हणजे सुटलेला प्रश्न वाटायचा.

वऱ्हाड लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे उतरलं. देवास गेटजवळच्या एका धर्मशाळेत जनवासा होता आणि मधलं अंगण ओलांडलं की लग्नाचा हॉल. मी तेव्हा कॉलेजात होते, माझ्याकडे जनवाशात चहा-नाश्ता पोचवायचं काम होतं, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

साहेबांनी सुरुवात पोह्यांपासून केली. "यात बडीशेप आहे."

काकांनी एक घास खाल्ला. "आहे. आमच्याकडे असतेच."

"आणि वरून शेव."

"ती पण असते," काका म्हणाले आणि उरलेले पोहे संपवले.

मग पाणी. माठातलं चालणार नाही. काका दोन पेले प्यायले आणि म्हणाले, "पाणी चांगलं आहे, पण तुम्हाला सवय नसेल तर बाटली मागवतो." मग कूलर. काका कूलरपुढे बसले, म्हणाले हवा गरम येते, बरोबर आहे, आणि बाहेर जाऊन कूलरवाल्याला सांगितलं, "भैया, खस पूरी सूख गई है, पानी तो चढ़ाओ." मग टॉवेल, मग न्हाणीघराची कडी, मग भटजींचा आवाज. दुपारपर्यंत आई रडकुंडीला आली होती. काका आपले एकेक तक्रार घेऊन बघत होते. माझ्या एक लक्षात आलं, नवरामुलगा सगळा वेळ तिथेच बसलेला असे आणि तो काहीच बोलत नसे. चहा दिला की घ्यायचा, कप दिला की ठेवायचा. मला वाटलं, गरीब स्वभाव आहे.

संध्याकाळी सीमांतपूजन नीट पार पडलं. मग साहेबांनी बाबांना आणि काकांना जनवाशात बोलावून घेतलं. मी मागोमाग कॉफी घेऊन गेले. साहेब म्हणाले, "एक छोटी गोष्ट. उद्या मुलीनं बोहल्यावर चष्मा काढून उभं राहायचं."

बाबांनी सवयीनं हात जोडले. काका नेहमीसारखं म्हणाले, "बघू. घेऊन बघतो."

ते थेट ताईच्या खोलीत आले. काय झालं ते तिला सांगितलं आणि म्हणाले, "चष्मा दे जरा." ताईनं काढून दिला. देताना ती म्हणाली, "काका, मला दिसणार नाही." एवढंच म्हणाली, तेही इतकं हळू की आईला ऐकू गेलं नाही.

काकांचे डोळे चांगले होते. ताईचा चष्मा लावल्यावर त्यांना काही दिसेना. तसेच ते खोलीतून निघाले आणि बोहल्याकडे चालू लागले. मी हात धरायला गेले तर झटकला. कूलरच्या स्टँडवर पाय आपटला, खांबाला खांदा घासला, मांडवाच्या दोरीत अडकता अडकता राहिले. बोहल्यापुढे उभं राहून त्यांनी मला विचारलं, "तिथे कोण बसलंय?"

"कुणी नाही काका, लोड ठेवलाय."

त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि माझ्याकडे दिला. म्हणाले, "उद्या तिच्यापुढे हार घेऊन कोण उभं आहे ते तिला कळणार नाही." मग ते जनवाशाकडे वळले आणि मी चष्मा मुठीत धरून त्यांच्यामागे गेले.

"साहेब, घेऊन बघितलं. मुलीला काही दिसत नाही. चष्मा राहील."

"अहो, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "व्हिडिओ जन्मभर राहतो. आमच्याकडे चार माणसं बघणार."

"चार माणसं बघतील. मुलीनं पण बघायला पाहिजे ना, स्वतःचं लग्न."

"तुम्ही चहाचं बघा. हे तुमचं काम नाही."

मग काकांनी जे केलं ते त्यांनी तोवर कुठल्याच जनवाशात केलं नव्हतं. ते नवऱ्यामुलापुढे जाऊन खाटेवर बसले. "जावईबापू, लग्न तुमचं आहे. तुम्हाला काय वाटतं?"

मुलगा चुळबुळला. "म्हणजे… अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे."

"ते साहेबांना वाटतं. तुम्हाला काय वाटतं?"

मुलानं साहेबांकडे बघितलं. काका थांबले. ते खूप वेळ थांबले, मला तिथे उभं राहवेना. शेवटी साहेबच म्हणाले, "त्याला काय विचारता? त्याला मी वाढवलंय."

"बरं," म्हणून काका उठले.

ताईच्या खोलीत आई, बाबा, मामा सगळे जमले होते. मी ताईला चष्मा दिला. मामा म्हणत होता, "लोक गाडी मागतात, फ्लॅट मागतात. यांनी चष्मा काढ म्हटलं, काढ. संपलं."

काका दारातच उभे राहून ताईला म्हणाले, "मी एक दिवस त्यांच्याबरोबर आहे, तेवढंच सांगतो. साहेबांचं काही नाही, तक्रार करणं हे त्यांचं कामच आहे, अशी माणसं मी रोज बघतो. मुलगा पण वाईट नाही. पण तुला दिसणार नाही म्हणून मी त्याला दोनदा विचारलं, बेटा, आणि त्याला स्वतःचं असं काही सांगता आलं नाही. उद्या तुझी काही तक्रार असली तर तिथे ऐकणारं कुणी नाही. हे सांगणं माझं काम नाही. पण मला दिसलं आणि मी गप्प बसलो, तर ते खोटं बोलल्यासारखंच होईल."

मामा उसळला. आई मटकन खाली बसली. ताईनं पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि एकेकाकडे नीट बघितलं, सगळ्यांत शेवटी बाबांकडे.

"बाबा, मला हे लग्न नाही करायचं."

बाबा उठले, चपला घातल्या आणि जनवाशाकडे निघाले. काका त्यांच्या बरोबर गेले. आयुष्यभर सगळ्यांपुढे हात जोडत आलेला माझा बाप त्या दिवशी हात मागे बांधून चालला होता, मी मागून बघितलं.

सकाळच्या गाडीनं वऱ्हाड परत गेलं. काकांनी सगळ्यांना नाश्ता घातला, वाटेसाठी पुऱ्या बांधून दिल्या, स्टेशनवर जागा मिळवून दिल्या. डब्यात चढल्यावर साहेब म्हणाले की सीट फाटकी आहे. काका त्या सीटवर बसले, उठले, म्हणाले, "बरोबर आहे, फाटकी आहे," आणि खाली उतरले. गाडी हलली तेव्हा मुलानं खिडकीतून काकांना हात जोडले. तेवढं एक काम त्यानं कुणाला न विचारता केलं. लग्नाचा स्वयंपाक वाया गेला नाही, काकांनी तो टेम्पोत घालून रामघाटावर नेला आणि यात्रेकरूंना वाढला.

पुढचे दिवस वाईट गेले. बघायला येणारे पहिला प्रश्न 'आधीचं का मोडलं' हाच विचारत आणि दुसरा विचारायला थांबत नसत. मामानं आमच्याशी बोलणं टाकलं. ताईनं नानाखेड्याच्या एका शाळेत नोकरी धरली, लूनावरून जायची, यायची, पेपर तपासत बसायची. मी एकदा तिला विचारलंच, पस्तावा होतो का. ती म्हणाली, "होतो ना, रोज थोडाथोडा. पण तिथे गेले असते तर रोज पुष्कळ झाला असता."

आणि काकांना कुणी बोलावेनासं झालं. भांडण कुणीच केलं नाही, नुसतं बोलावलं नाही. एका हळदीकुंकवाला मी एका बाईला बोलताना ऐकलं, "माणूस चांगला आहे हो, पण नको. ते खरं सांगतात." काका बुधवारी सुटीच्या दिवशी आमच्याकडे चहाला येत. वैशाख लागला की कप खाली ठेवून सहज विचारल्यासारखं विचारत, "यंदा मुहूर्त कमी आहेत का?" बाबा म्हणत, "हो, कमीच आहेत." गल्लीत रोज बँड वाजत असायचा आणि ही दोन माणसं त्यातून मुहूर्त कमी असल्याचं बोलत बसायची. मला ते ऐकवत नसे. लग्नं ही त्या माणसाची घरची माणसं होती आणि ती आमच्यापायी गेली.

दोनेक वर्षांनी ताईचं जमलं. तिच्याच शाळेतले विज्ञानाचे सर, घराणं उज्जैनमधलंच, संस्थानी काळापासूनचं. त्यांनीच येऊन बाबांना विचारलं, मोठ्या माणसाला मध्ये घातलं नाही. गावातल्या गावात लग्न, त्यामुळे जनवाशाचा प्रश्नच नव्हता. आमंत्रण द्यायला बाबा रतलामला गेले तर मामानं स्वच्छ सांगितलं, "तो माणूस मांडवात असेल तर मी येणार नाही." आमच्यात मुलीला बोहल्यावर मामा आणतो. मामाशिवाय मुलगी निघायची कशी, म्हणून आईनं पुन्हा डोळ्यांना पदर लावला.

लग्नाआधीच्या बुधवारी काका आले. चहा घ्यायच्या आधीच म्हणाले, "मी नाही येत लग्नाला. मामांना बोलवा. मी जाऊन आलो रतलामला."

"तुम्ही कशाला गेलात?" ताई म्हणाली.

"त्यांचं ऐकून घ्यायला. त्यांची तक्रार खरी आहे. स्थळ त्यांनी आणलं होतं, मी त्यांना बाजूला घेऊन विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. माफी मागितली मी. ते ऐकत नाहीत. मी नाही आलो तर येतील."

मी काकांना माफी मागताना कधी बघितलं नव्हतं, आणि एवढ्या वर्षांनी मागितली ती कुणी घेतली नाही.

ताई म्हणाली, "रुसलेल्यांना मनवणं तुमचं काम, काका. ते तुम्हाला जमलं नाही. आता मामाच्या जागी तुम्हीच उभे राहा."

"मी? मी कुठे तुमच्या नात्यात आहे?"

"मी विचारत नाहीये," ताई म्हणाली.

लग्नाच्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट घालून आले. कुणीतरी डोक्याला फेटा बांधला, तो त्यांना मोठा होत होता. ताईचा कोपर धरून ते खोलीतून निघाले, आणि बोहल्याशी आल्यावर माझ्याकडे वाकून घाईघाईनं विचारलं, "आता काय करायचं असतं?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही एवढी लग्नं केलीत."

"मुहूर्ताला मी तिकडेच असतो ना, जनवाशात. सगळे मांडवात येतात, सामानाजवळ कुणीतरी पाहिजे."

"नुसतं ताईच्या मागे उभं राहायचं," मी म्हटलं, आणि त्यांच्या मुठीत अक्षता दिल्या.

मंगलाष्टकं झाली. अंतरपाट दूर झाला, ताईनं सरांना नीट बघून हार घातला, ताशा वाजला, चारी बाजूंनी अक्षता पडल्या. काकांची मूठ तशीच मिटलेली होती. लोक पंगतीकडे वळले, भटजी होमाची तयारी करू लागले, तरी ते जागचे हलले नाहीत. मी त्यांच्या दंडाला हात लावला. "काका, झालं. चला बसायला."

"थांब जरा," ते म्हणाले. "मी पहिल्यांदा बघतोय."

मला रडू फुटलं. तिथे आई रडत होती, बाबा रडत होते, त्यात माझंही खपून गेलं.